लेगोलँडचा दिवस मुलांच्या उंचीप्रमाणे कसा आखायचा

लेगोलँड, म्हणजे लेगोच्या ठोकळ्यांवर बेतलेलं मनोरंजन पार्क. तिथून परतलेल्या पालकांचं रडगाणं ठरलेलं असतं: तिकिटाला भरमसाठ पैसे गेले, निम्मा दिवस रांगेत गेला, आणि धाकट्याला तर ऐन दारातून परत पाठवलं. यातलं बहुतेक सगळं घरी बसूनच टाळता येतं. गडबड होते ती क्रमात. लोक आधी तिकीट काढतात, मग नकाशा बघतात, आणि मुलांची उंची मोजली जाते ती सगळ्यात शेवटी, राइडच्या दारातल्या पट्टीपाशी. हा क्रम उलटा हवा.

खालचे टप्पे बिलुंड (डेन्मार्क), विंडसर (इंग्लंड), दुबई, मलेशिया किंवा इतर कुठल्याही लेगोलँडसाठी वापरता येतील. राइडची नावं आणि बारीक नियम पार्कागणिक बदलतात. जिथे हा फरक तुमचा दिवस बिघडवू शकतो, तिथे तो सांगितला आहे.

आणि हे तिकिटाआधीच ठरवून टाका: ही पार्कं साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी बांधलेली आहेत. पंधरा वर्षांच्या मुलाला पोटात गोळा आणणाऱ्या राइड हव्या असतील तर तो इथे दोन तासांत कंटाळेल आणि उरलेला दिवस तुम्हाला ऐकवत राहील. त्याला लेगो जोडण्याचंच वेड असेल तर गोष्ट वेगळी.

टप्पा १: उंची मोजा आणि राइडची यादी तीन भागांत करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मुलाला अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि सेंटिमीटरमध्ये आकडा लिहा. "गेल्या वाढदिवसाला मोजली होती" हे चालणार नाही. लहान मुलं सहा महिन्यांत तीन-चार सेंटिमीटर सहज वाढतात, आणि इथे राइड मिळणं न मिळणं तेवढ्यावरच ठरतं. बुटांच्या जाड तळव्यावर किंवा वर बांधलेल्या केसांवर भरवसा ठेवू नका. पट्टीपाशी उभे असलेले कर्मचारी दिवसभर हेच बघत असतात.

आता ज्या पार्कात जाणार आहात त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर प्रत्येक राइडची माहिती उघडा. लोक इथे एकच आकडा वाचतात आणि फसतात. बहुतेक राइडना दोन आकडे असतात. पहिला म्हणजे कमीत कमी उंची. त्याखाली प्रवेशच नाही. दुसरा म्हणजे एकट्याने बसण्यासाठी लागणारी उंची. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांच्या मध्ये असलेल्या मुलाबरोबर मोठं माणूस बसावंच लागतं. काही राइडना वयाची अट वेगळी असते, आणि अगदी छोट्यांच्या काही खेळांना वरची मर्यादाही असते.

मधल्या पट्ट्यातली मुलं हाच खरा पेच. समजा, तुमची दोन मुलं आहेत आणि दोघंही "मोठं माणूस सोबत हवं" या पट्ट्यात येतात. एका आसनात एक मूल आणि एक मोठं माणूस, अशी राइड असेल तर तुम्हा दोघांनाही बसावं लागेल. मग तान्हं बाळ कोणाकडे? आजी-आजोबा बरोबर असतील तर राइडला कोण बसणार आणि बाळगाडीपाशी कोण थांबणार, हे घरीच ठरवा. रांगेच्या तोंडाशी उभं राहून हे ठरवायला गेलात की मागच्यांचा खोळंबा होतो आणि आपापसात कुरबुर सुरू होते.

यादी तीन भागांत करा:

१. सगळ्यांना एकत्र बसता येईल अशा राइड.
२. फक्त मोठ्या मुलाला चालतील अशा राइड.
३. फक्त धाकट्यासाठी असलेल्या जागा. यात डुप्लो विभाग नक्की येईल. डुप्लो म्हणजे अगदी लहान मुलांसाठीचे लेगो ठोकळे. ते साध्या लेगोच्या दुप्पट लांब, रुंद आणि उंच असतात, आणि तिथले खेळही त्याच वयाला साजेसे असतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातल्या राइड नकाशावर एकमेकींच्या जवळ कुठे आहेत ते बघून खुणा करा. दिवसभराची वाटणी या खुणांवरच होणार आहे.

*तपासा:* मूल मर्यादेपेक्षा एक-दोन सेंटिमीटरने कमी आहे का? मग ती राइड "मिळणार नाही" असंच धरा आणि मुलाला आधीच सांगा. घरी ऐकलेला नकार दहा मिनिटांत विसरला जातो. चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून मिळालेला नकार दुपारपर्यंत पुरतो.

टप्पा २: तारीख ठरवा

इथे तीन गोष्टी बघायच्या: पार्क उघडं आहे का, हवामान काय असेल, आणि तिथल्या शाळांना सुट्टी आहे का.

विंडसर, बिलुंड आणि जर्मनीतलं गुन्झबुर्ग ही पार्कं मोसमी आहेत. हिवाळ्यातला बराच काळ बंद असतात. मोसमातही सुरुवातीला आणि शेवटी आठवड्यातले काही दिवस बंद असू शकतात. विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी पार्कचं कॅलेंडर उघडा, नंतर नाही.

दुबईला नोव्हेंबर ते मार्च हा काळ मुलांना मानवणारा. उन्हाळ्यात जाणारच असाल तर बंदिस्त, वातानुकूलित भाग दुपारसाठी राखून ठेवा. तिथलं मिनीलँड (लेगोच्या ठोकळ्यांतून उभारलेल्या शहरांच्या, इमारतींच्या छोट्या प्रतिकृतींचा भाग) छताखाली आहे, ही मोठी सोय. मलेशियातलं पार्क जोहोरमध्ये, सिंगापूरच्या अगदी शेजारी आहे. तिथे बारा महिने उकाडा असतो आणि दुपारनंतर गडगडाटी पावसाची सर येऊ शकते. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. म्हणून तिथे उघड्यावरचं सगळं सकाळी उरकायचं.

सुट्ट्या मात्र आपल्या नव्हे, तिथल्या बघा. आपल्याकडे शाळा चालू आणि तिकडे सुट्टी, असे दिवस बरेच असतात. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तमच. दुबईत आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवारची असते. शुक्रवारी अर्धा दिवस सुटी असते, तेव्हा शुक्रवारची दुपारही गर्दीचीच समजा.

टप्पा ३: तिकिटात नेमकं काय आहे ते वाचा

दारावर तिकीट काढणं जवळपास नेहमीच महाग पडतं. तारखेचं ऑनलाइन तिकीट आधी काढून ठेवा. काढताना या गोष्टी नीट बघा:

- वॉटर पार्क तिकिटात आहे का? दुबई आणि मलेशियात ते वेगळं आहे. एकत्रित तिकीट मिळतं, पण साध्या तिकिटावर आत सोडत नाहीत.
- एकत्रित तिकीट एकाच दिवशी वापरायचं की दोन दिवसांत चालतं?
- लहान मुलांना मोफत प्रवेश वयावर आहे की उंचीवर? वयावर असेल तर पासपोर्टची प्रत किंवा फोटो जवळ ठेवा.
- गाडी लावण्याचं शुल्क तिकिटात धरलेलं आहे का?

लेगोलँड आणि वॉटर पार्क एकाच दिवशी करायचा मोह पैशाच्या हिशेबाने बरोबर वाटतो. पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: करू नका. कपडे बदलणं, लॉकर, आंघोळ, केस वाळवणं यात मधले दीड-दोन तास जातात आणि दोन्हीकडचं अर्धवट राहतं. दुबईतल्या मंडळींना त्याच आवारातल्या मोशनगेट या दुसऱ्या थीम पार्कचंही तिकीट जोडून घ्यावंसं वाटतं. तो बेत मोठ्या मुलांचा, आणि वेगळ्या दिवसाचा.

रांग वाचवणाऱ्या जादा पासबद्दल दोन शब्द. काही पार्कांत, उदाहरणार्थ विंडसरला, फोनवरून राइडचा नंबर लावता येतो. रांगेत उभं न राहता दुसरीकडे फिरायचं आणि आपली वेळ झाली की जायचं. गर्दीच्या दिवशी हा पास पैसे वसूल करतो. साध्या दिवशी आधी तो घेऊ नका. सकाळी अकराच्या सुमारास अ‍ॅपवर रांगांच्या वेळा बघा आणि मग ठरवा. मात्र सुट्टीच्या दिवसांत हे पास संपतात, तेव्हा आदल्या रात्रीच निर्णय घ्या.

*सावधान:* पास कितीही महागाचा असला तरी उंचीची अट सुटत नाही. हा गैरसमज आश्चर्य वाटावं इतका पसरलेला आहे.

स्वमग्नता किंवा इतर कारणाने मुलाला रांगेत थांबणं जमत नसेल, तर पार्ककडे त्यासाठी वेगळी सोय असते. पण तिथे पोचून मागायची म्हटली तर अडचण येते. आधी नोंदणी आणि वैद्यकीय कागद लागू शकतात. आठ-दहा दिवस आधी विचारून ठेवा.

टप्पा ४: बॅग

बॅग एकच, पाठीवरची. राइडवर जाताना ती बाजूच्या कप्प्यात टाकता येते. चार पिशव्या घेऊन आलात की एक माणूस दिवसभर पिशव्याच राखत बसतो.

- पाण्याच्या बाटल्या. आत भरून घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते.
- प्रत्येक मुलाचा कपड्यांचा एक जादा जोड, मोज्यांसकट. मोजे विसरतात आणि ओल्या बुटांत मूल चालायला तयार होत नाही.
- पातळ टॉवेल, ओले कपडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी.
- टोपी, उन्हाचं मलम. थंड देशात पातळ रेनकोट. छत्री नको, ती रांगेत आडवी येते.
- पॉवर बँक. नकाशा, तिकीट, रांगांच्या वेळा सगळं फोनवर असतं, आणि बॅटरी नेमकी दुपारी तीनला मान टाकते.
- घरातले जुने, एकसारखे दोन-दोन झालेले चार-पाच मिनिफिगर, म्हणजे लेगोचे छोटे बाहुले. कशासाठी, ते टप्पा ९ मध्ये.

पायात पट्ट्यांचे सँडल किंवा बूट. मागून सुट्या चपला काही राइडवर काढायला लावतात. आई, मावशी, आजी यांनी ओढणी किंवा सुटा स्कार्फ टाळावा. राइडवर तो काढून ठेवायला सांगतात, आणि तसं सांगितलं नाही तरी तो चाकात अडकण्याचा धोका असतोच.

बाहेरचं खाणं आत न्यायचं का, याचा नियम प्रत्येक पार्काचा वेगळा. विंडसरला डबा चालतो, हिरवळीवर बसून खाता येतं. इतर ठिकाणी बॅग तपासून खाणं बाहेर ठेवायला सांगू शकतात. बाळाचं खाणं आणि ज्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठीचा डबा सहसा अडवत नाहीत.

टप्पा ५: दार उघडल्यापासून पहिला दीड तास

दिवसभरातला सगळ्यात मोलाचा वेळ हाच, आणि बहुतेक कुटुंबं तो दारापाशीच घालवतात. आत शिरलं की समोर दुकान, फोटो काढायला लेगोचे मोठे पुतळे, आणि हाकेच्या अंतरावर पहिली राइड. सगळी गर्दी तिथेच थबकते. तुम्ही थांबू नका.

क्रम असा ठेवा:

१. उघडण्याच्या वेळेआधी अर्धा तास दारात. पार्किंगपासून दारापर्यंत चालायला वेळ लागतो, तो वेगळा धरा.
२. दारातच कोणी हरवलं तर काय, ते उरका. मुलाचा आजच्या कपड्यांतला एक फोटो काढा. मनगटावर बॉलपेनने किंवा पट्टीवर तुमचा फोन नंबर लिहा, देशाच्या कोडसकट. आणि मुलाला एक कर्मचारी बोटाने दाखवा: त्यांच्या छातीवर नाव असलेला बिल्ला असतो, बिल्ल्यावर लेगोचे बाहुले अडकवलेले असतात. "आम्ही दिसलो नाही तर असा बाहुलेवाला बिल्ला शोधायचा." चार वर्षांच्या पोरालाही हे कळतं, कारण ते बाहुलेच बघत असतं.
३. दारातून सरळ सगळ्यात लांबच्या मोठ्या राइडकडे. तिथून दाराच्या दिशेने मागे येत जा.
४. सकाळी फक्त त्याच राइड ज्यांची रांग दुपारी तिप्पट होते: ड्रॅगनसारखा रोलर कोस्टर, ड्रायव्हिंग स्कूल, आणि त्या वर्षी नवीन आलेली जी असेल ती.

विंडसरचं आवार उतारावर आहे. प्रवेश वर, बहुतेक राइड खाली. सकाळी उतरणं मजेचं असतं. संध्याकाळी झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन तो चढ जीव काढतो. वर आणणारी छोटी रेल्वे आहे, पण पार्क बंद व्हायच्या वेळी सगळ्यांना तीच आठवते. शेवटची गाडी किती वाजता, हे सकाळीच विचारून ठेवा.

ड्रॅगन हा कोस्टर अनेक लेगोलँडमध्ये आहे. त्याची गंमत अशी की गाडी आधी किल्ल्याच्या आतून सावकाश फिरते, लेगोचे राजेरजवाडे, स्वयंपाकी, ड्रॅगन दाखवते, आणि मग दार उघडून एकदम बाहेर वेगात सुटते. "ही तर बाळांची गाडी" असं म्हणत बसलेलं मूल त्या वळणावर घाबरतं. बसण्याआधीच सांगा की निम्मी हळू, निम्मी जोरात. बळजबरी करू नका. पहिल्याच राइडला रडलेलं मूल पुढच्या कशालाच तयार होत नाही.

*तपासा:* साडेअकरापर्यंत यादीतल्या दुसऱ्या भागातल्या दोन तरी राइड झाल्या का? नसतील तर जादा पासचा विचार आत्ता करा.

टप्पा ६: पालकांची अदलाबदल

ही सोय फुकट आहे आणि निम्म्या लोकांना ठाऊकच नसते. मोठ्या मुलाला राइड हवी, धाकट्याला परवानगी नाही. मग आई आणि बाबा दोघांनी दोनदा रांग लावायची गरज नाही. एक जण मोठ्याबरोबर रांगेतून जातो, दुसरा धाकट्याबरोबर बाहेर थांबतो. पहिला उतरला की दुसरा रांगेत न थांबता बसतो. काही ठिकाणी मोठ्या मुलाला दोन्ही वेळा बसू देतात, त्यामुळे त्याची चंगळ.

फक्त एक अट: रांगेत शिरण्याआधी तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला सांगायचं. काही राइडवर चिठ्ठी देतात, काही ठिकाणी उतरण्याच्या दारातून आत घेतात. राइड झाल्यावर "आता माझी पाळी" म्हणत गेलात तर रांगेच्या शेपटाला पाठवतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

बारा-पंधरा जणांचा गोतावळा असेल तर सगळ्यांनी एकत्र फिरण्याचा हट्ट सोडा. उंचीप्रमाणे दोन तुकड्या करा, जेवणाची जागा आणि वेळ ठरवा, आणि पांगा. एकत्र फोटोसाठी मिनीलँड आहेच.

टप्पा ७: ड्रायव्हिंग स्कूल

मुलांना वर्षभर आठवते ती बहुधा हीच जागा. विंडसर आणि कॅलिफोर्नियाला मोठा गट ६ ते १३ वर्षांचा आणि छोटा ३ ते ५ चा. दोन्हींचे रस्ते वेगळे. इतर पार्कांत वयाचे आकडे थोडे इकडेतिकडे. इथे उंचीपेक्षा वय बघतात. सहा वर्षांना आठवडाभर कमी असलेलं मूल मोठ्यांच्या रांगेत लावू नका.

गाड्या विजेवर चालतात आणि रुळावर नसतात. मूल स्वतः वळवतं. आधी छोटीशी शिकवणी होते: लाल दिव्याला थांबा, बाणाप्रमाणे जा, दुसऱ्याला धडकू नका. ती बहुतेक वेळा इंग्रजीत किंवा तिथल्या भाषेत असते. म्हणून रांगेतच मराठीतून सांगून ठेवा: एक पेडल, दाबलं की चालते, पाय काढला की थांबते. घरच्या व्हिडिओ गेममुळे मुलं स्टिअरिंग पूर्ण फिरवतात आणि तसंच धरून ठेवतात. गाडी एका जागी गोल फिरत राहते आणि पोर कुंपणापलीकडच्या आईकडे कावरंबावरं बघतं. "थोडं फिरव आणि लगेच सरळ कर," एवढं एक वाक्य पुरतं.

पालकांना रस्त्यावर सोडत नाहीत. कुंपणाबाहेरून फोटो काढायचे असतील तर वळणावर उभे राहा, तिथे गाड्या हळू होतात. शेवटी फोटोचं लायसन्स विकत मिळतं. त्याचे पैसे वेगळे. मुलाला कबूल करण्याआधी किंमत बघा.

टप्पा ८: दुपार – जेवण, मिनीलँड, कार्यशाळा

जेवण साडेअकराला किंवा दोननंतर. एक वाजता जेवायला जाणं म्हणजे राइडची रांग सोडून जेवणाची रांग धरणं. शाकाहारी असाल तर अ‍ॅपवरच्या मेनूत आधी बघून ठेवा कुठल्या ठिकाणी काय मिळतं; भुकेलेल्या मुलांना घेऊन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं नको.

मिनीलँड दुपारसाठीच ठेवा. इथे रांग नसते, चालण्याचा वेग आपला असतो, बाळगाडीतलं बाळ झोपलं तरी बाकीच्यांचं अडत नाही. सकाळी पहिला तास इथे घालवणं ही लेगोलँडमधली सगळ्यात नेहमीची चूक आहे, कारण ते समोरच दिसतं आणि सुंदर असतं.

मिनीलँडच्या प्रतिकृती साधारण १:२० प्रमाणात असतात. म्हणजे आपल्याएवढं माणूस तिथे आठ-नऊ सेंटिमीटरचं. उभ्याने बघितलं तर फक्त छपरं दिसतात. खाली बसा, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर या, मग रस्त्यावरची माणसं दिसायला लागतात. अनेक ठिकाणी कुंपणाला बटणं असतात; दाबलं की बोट सुटते, पूल उघडतो, वाद्यं वाजतात. मोठी मुलं धावत पुढे जातात आणि बटणं चुकवतात. त्यांना शोधायला लावा: बस थांब्यावर कोण उभं आहे, छपरावर मांजर आहे का, कुणाची गाडी बंद पडली आहे. अर्धा तास सहज निघतो आणि तुमचे पायही मोकळे होतात.

ठोकळे जोडण्याच्या कार्यशाळांना जागा मोजक्या असतात. वेळ सकाळी बघून नाव घालायचं आणि यायचं दुपारी. काही कार्यशाळांना किमान वय असतं.

*सावधान:* साडेतीन-चारला मूल चिडचिड करू लागलं तर आणखी एका राइडचं आमिष दाखवू नका. त्याला सावलीत बसवा, पाणी द्या, खाऊ द्या. डुप्लो विभागातल्या ठोकळ्यांच्या ढिगात आठ वर्षांची मुलंही शांत बसतात; लाज वाटते म्हणून आधी नाही म्हणतात, एवढंच.

टप्पा ९: मिनिफिगरची अदलाबदल

बिल्ल्यावर बाहुले असलेल्या कर्मचाऱ्यांशी मुलांना आपला बाहुला बदलून घेता येतो. पैसे लागत नाहीत. बाहुला खरा लेगोचा आणि पूर्ण हवा: डोकं, धड, पाय. एक हात तुटलेला किंवा नकली बाहुला घेत नाहीत.

मुलालाच पुढे पाठवा. नमस्कार, मग बाहुला दाखवायचा, मग कुठला हवा ते विचारायचं. लाजाळू मूलसुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी स्वतःहून जातं. राइड चालवणाऱ्या माणसाला कामाच्या मध्ये थांबवू नका. दुकानातले, दारावरचे, मिनीलँडमधले कर्मचारी निवांत असतात.

आवडता बाहुला मात्र घरी ठेवा. बदलून झाल्यावर परत मागता येत नाही, आणि हे मुलाला बदलण्याआधी सांगायचं असतं.

टप्पा १०: पाण्याच्या राइड आणि वॉटर पार्क

भिजवणाऱ्या राइड शेवटून दुसऱ्या. थंड देशात दुपारचं ऊन असताना, गरम देशात उन्हं उतरताना; मलेशियात मात्र दुपारच्या पावसाआधी. सकाळी भिजलात तर दिवसभर ओलं अंग. काही पार्कांत माणसं वाळवायची मोठी यंत्रं असतात, पण त्यांचे पैसे वेगळे आणि कपडे पूर्ण वाळतात असंही नाही.

वॉटर पार्कला जाणार असाल तर पोहण्याचे खरे कपडे लागतात; सुती टी-शर्ट, जीन्सची अर्धी चड्डी किंवा सलवार घालून पाण्यात उतरू देत नाहीत. अंगभर पोहण्याचा पोशाख चालतो, फक्त कापड पोहण्याचं हवं. लंगोटातल्या बाळाला पाण्यातले खास डायपर लागतात, साधे चालत नाहीत. ते घेऊनच जा. फोन, पाकीट लॉकरमध्ये, आणि लॉकरची किल्ली ज्याच्या मनगटावर आहे तो कुठे जातो यावर लक्ष असू द्या.

टप्पा ११: दुकान आणि बाहेर पडणं

मोठं दुकान दाराशीच असतं, म्हणून सकाळी खरेदी करू नका. दिवसभर डबा कोण उचलणार? सकाळी दोन मिनिटं डोकावा, मुलाने बोट दाखवलेल्या डब्याचा फोटो काढा, आणि "संध्याकाळी बघू" म्हणा. संध्याकाळपर्यंत निम्मी मागणी बदललेली असते. बंद होण्याच्या वेळी मात्र दुकानात पाय ठेवायला जागा नसते. शेवटची राइड वगळून चाळीस मिनिटं आधी जा.

जो संच तुमच्या गावातही मिळतो तो इथे घेण्यात अर्थ नाही. फोनवर क्रमांक टाकून किंमत बघा. लेगोलँडमध्येच मिळणारे काही संच असतात, आणि सुटे ठोकळे निवडून भरायची किंवा स्वतःचा बाहुला जुळवायची सोय असते. पैसे खर्च करायचेच तर तिथे करा. धाकटं तीन वर्षांखालचं असेल तर त्याच्यासाठी डुप्लोच. साधे ठोकळे त्याच्या घशात अडकू शकतात, आणि डब्यावर तशी खूणही असते.

परतीचं विमान असेल तर डब्याचा आकार बघून घ्या. लेगोच्या डब्यात निम्मी जागा हवा असते. डबा सपाट दुमडा, आतल्या नंबराच्या पिशव्या तशाच बंद ठेवून कपड्यांच्या मध्ये भरा, आणि सूचनापुस्तिका एखाद्या फाइलमध्ये सरळ ठेवा. पिशव्या हॉटेलवर फोडू द्यायच्या नाहीत. एक छोटासा तुकडा गालिच्यात हरवला की घरी जाऊन अख्खा किल्ला अडतो.